मंत्री गॅम्बिट

३ जून, मंगळवार
पेरंबूरला सेल्वमकडे जाऊन आलो. चेन्नईतल्या चेन्नईत, पण शोळिंगनल्लूरहून जायला दोन तास, यायला दोन. अंगाचं पार भरीत झालं. त्याचा डायलिसिसचा दिवस, त्यामुळे चेहरा उतरलेला. तरी मला बघून पहिलं वाक्य काय, तर "डेय जोशी, वही आणलीस?"

आणली होती. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं कंपनीच्या बसनं एका बाकावर बसून गेलो-आलो, तेव्हाची वही. तासभर बुद्धिबळाचा तोच डाव, आमचा गॅम्बिट. दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढचं प्यादं फुकट द्यायचं, सातव्या चालीला उंटसुद्धा द्यायचा, आणि मग काळ्या राजाच्या मागे लागायचं. तीस वर्षं आम्ही तेच करतोय. कंटाळा कसा येत नाही, असं माझी बायको सुमन विचारते. नाही येत बुवा.

निघताना त्यानं हात धरला. "आपली पोरगी एवढ्या मोठ्या स्पर्धेत खेळणार आहे. एकदा तरी आपला डाव खऱ्या घड्याळासमोर पडलेला बघायचाय. मग काय व्हायचं ते होऊ दे."

आपली पोरगी म्हणजे माझी नात, ऋता. मी लगेच हो म्हणून बसलो. ही माझी जीभ!

५ जून
झोपाळ्यावर बसून वही चाळली. पहिल्या पानावर माझंच अक्षर: "मंत्री गॅम्बिट". हसू आलं.

सांगलीहून नवा आलो होतो. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं, डब्यातली भाकरी बघून लोक चौकशा करायचे, आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचो. एकटा होतो, सरळ लिहायला काय हरकत आहे. शेजारी सेल्वम. त्यानं खिशातून छोटा पट काढला. बस खड्ड्यात गेली की प्यादी उडायची, म्हणून आठवड्याभरात तोंडी खेळायला लागलो. मोहऱ्यांची नावं इंग्रजीत.

एक दिवस भरात येऊन तो तमिळमध्ये बोलला. "मंत्री" पुढे आणला म्हणाला. माझ्या सांगलीच्या डोक्यात मंत्री म्हणजे वजीर, दुसरं काय? त्यांच्याकडे उंटाला मंत्री म्हणतात, हे मला कोण सांगणार! त्याचा वजीर बाहेर आला असं धरून मी माझा उंट बेधडक फेकला. पुढे चार चाली आम्ही दोघं दोन वेगळे डाव खेळत होतो. मग भांडण. तो म्हणे माझा वजीर घरातून हललेलाच नाही, मी म्हणे तूच बोललास. गेटवर उतरून तिथेच जमिनीवर पट मांडला, आणि दोघंही वाकून बघत राहिलो. चुकून फेकलेल्या उंटानं त्याचा राजा उघडा पडला होता. त्या दिवशी लेट मार्क लागला. मला मद्रासमध्ये करमायला लागलं ते त्या दिवसापासून.

८ जून, रवि.
ऋताला चालींची यादी दिली. तिनं लॅपटॉपवर घातली. चहा गाळून होईपर्यंत उत्तर.

"आजोबा, लॉस्ट आहे. चौदाव्या चालीला ब्लॅक आपला घोडा परत घरी नेतो. संपला."

"घरी? म्हणजे पहिल्या जागी?"

"आमा, तिथेच. मशीन दोन सेकंदात सांगितला."

सुमन आतून: "सांगितलं! मशीननं सांगितलं!" पोरीचं मराठी असंच, मधे तमिळ, कडेला इंग्रजी. माझं तिकडे लक्ष नव्हतं. तीस वर्षांत मागे जाणारी चाल आम्हाला दोघांनाही सुचली नाही. एकदाही नाही.

तिला म्हटलं, अगं पण माणूस शोधेल का ती? ती म्हणाली, वरचे लोक हे सगळं घरी पाठ करून येतात. मोठ्या वेळेच्या डावात असं प्यादं देणारा राजाचा गॅम्बिट आता कोणी सहसा काढत नाही. पाच मिनिटांच्या डावात काढतात, समोरच्याला दचकवायला. मी म्हटलं, वजिराचा गॅम्बिट तर सर्रास खेळतात की! तर म्हणे, "ते गॅम्बिट कुठे, प्यादं परत मिळतं." हे मात्र खरं. ते म्हणजे शेजारी विरजण देऊन संध्याकाळी वाटी परत आणण्यातली गत.

वाईट वाटलं. फार वाटलं.

१० जून
सेल्वमचा फोन. "मशीन काय म्हणतं?"
मी म्हटलं, "बरं आहे म्हणतं. बरोबरीत."
"बरोबरीत? अय्यो, मग चांगलंच आहे!"
खोटं बोललो. दुसरं काही सुचेना. जेवण गेलं नाही.

१५ जून, रवि.
स्पर्धेच्या पाच फेऱ्या झाल्या. ऋता छान खेळतेय. ठरलेले गुण मिळवले की नॉर्म, आणि हा तिसरा नॉर्म मिळाला की किताब. तिच्या सरांचा हुकूम: पांढरी मोहरी आली की शांत इटालियन सुरुवात करायची, अंगावर काही घ्यायचं नाही. बरोबरच आहे. मी तिच्या वयाचा असतो तर सरांशी भांडलो असतो, ती गोष्ट वेगळी.

१७ जून
जेवताना ऋता सहज म्हणाली, "सेल्वम ताताचा फोन आला होता."
काय म्हणाला?
"असंच."
 आग्रह केला असणार, दुसरं काय! माझ्याच खोट्याच्या जोरावर. त्याला खरं सांगावं तर त्याच्याजवळ उरलंय काय, आणि न सांगावं तर पोरीचा किताब... सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमची ती बस अजून गुम्मिडिपूंडीला पोचलेली नाही. आता उतरा." रागावलो तिच्यावर. उगाच.

१९ जून, गुरु.
उद्या शेवटची फेरी. ऋताला पांढरी मोहरी, समोर एक परदेशी ग्रँडमास्टर. निदान बरोबरी हवी. हरली तर नॉर्म गेला, आणि अशी स्पर्धा पुन्हा कधी मिळेल देव जाणे.

तिच्या खोलीत जाऊन सांगितलं. सेल्वमला मी थाप मारली आहे. तो काही म्हणाला असला तरी मनावर घेऊ नकोस. आमचा डाव खेळायचा नाही. शपथ घाल म्हणालीस तर घालतो.

"थाप मारली, ते माहितीये मला."
"मग?"
"झोपा आजोबा. मला उद्या खेळायचंय."

२० जून, शुक्र. दुपार
सेल्वमकडे. आज त्याचं डायलिसिस सकाळीच उरकलं. उशीला टेकून बसलाय, फोन मधे धरलाय, त्यावर ऋताच्या डावाचा पट. त्याच्या सुनेनं कॉफी ठेवलीय, दोघांनीही तोंड लावलेलं नाही. मोहरी हलेनात म्हणून इथेच लिहितोय, वहीच्या मागच्या पानावर.

पहिली चाल दोघांचीही नेहमीची. दुसऱ्या चालीला ऋता नऊ मिनिटं विचार करत होती. दुसऱ्या चालीला! मग राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे गेलं.

वाटलं, सेल्वम टाळ्या वाजवेल. त्यानं माझं मनगट आवळलं. "वेंडाम! नको म्हणून सांगितलं होतं मी तिला!"

"तू? तू खेळ म्हणून फोन केलास ना?"

"खेळू नकोस म्हणून केला. मशीन बरं म्हणतंय असं सांगताना तुझा आवाज पडला होता. सव्वीस वर्षं तुझ्या शेजारी बसलोय, मला कळत नाही होय?" डोळे पुसले त्यानं. "डेय, तिचा किताब जाईल रे. मला नको बघायला."

मलाही नको होतं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते समोर चाललंय, आणि दोन म्हातारे ते थांबावं म्हणून देवाला हात जोडतायत. ती आमच्यासाठी खेळतेय की तिलाच खेळावंसं वाटलं, ते विचारायची माझी छाती नाही.

प्यादं त्या ग्रँडमास्टरनं खाल्लं. सातव्या चालीला उंटही खाल्ला. बाराव्या चालीपर्यंत सगळं वहीतल्यासारखं, एक घर इकडचं तिकडे नाही. सेल्वम पुटपुटत बोट फिरवतोय. रडतोय पण, आणि हसतोय पण.

ऋताची चौदावीही वहीतलीच झाली. आता काळ्याची. घोडा मागे नेला तर संपलं, नाही नेला तर त्याचा राजा जातो.

वीस मिनिटं झाली. नेत नाहीये, खेळत पण नाहीये.

सेल्वमची सून आत्ता म्हणाली, हे सगळं आपल्याला पंधरा मिनिटं उशिरा दिसतं, फसवाफसवी होऊ नये म्हणून तसा नियमच आहे. म्हणजे जे व्हायचं ते तिथे होऊनही गेलं असेल. पोरीला कळलंय. आम्हालाच अजून कळायचंय.