यंदा भिंती तशाच

पुंडलिकनगर, औरंगाबाद
श्रावण वद्य पंचमी, १८ ऑगस्ट २०११

चि. हेमचंद्रभाऊजी यांस कालिंदीवहिनीचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. भानुमतीलाही.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. पुण्याला पाऊस जोरात आहे असं बातम्यांत ऐकलं. आपल्याकडे जोर नाही, पण आठ दिवस झाले ऊन म्हणून पाहिलं नाही. कपडे पंख्याखाली वाळवतेय.

तर महालक्ष्म्यांचं बोलावणं. अनुराधा नक्षत्रावर आणायच्या, हे तुम्हाला सांगायला नको. सासूबाई बोलावणं पत्रानंच धाडायच्या, मीही धाडते. तुम्ही दरवर्षी हसता, घरात फोन असताना वहिनी पोस्टाचा धंदा चालवते म्हणून. फोन आहे हो. पण तो तुमच्या दादांच्या खुर्चीला लागून आहे, आणि यंदा मला जे बोलायचंय ते त्यांच्यादेखत बोलता येत नाही. समोरच्या आशाबाईंच्या ओट्यावर बसून लिहितेय. त्यांना वाटतंय मी वाणसामानाची यादी करतेय.

परवा गौरींच्या साड्या बघायला पेटी उघडली आणि आपलं घर बांधलं त्या वर्षीच्या महालक्ष्म्या आठवल्या. भिंतींना गिलावा नव्हता. दाराला चौकट होती, दार नव्हतं, गोणपाट लावलेलं. मामंजी, तुमचे आप्पा, उर्दूत शिकलेले, येईल त्याला ऐकवायचे, "मकान छोटा है, मगर पुख्ता है." लहान पण पक्कं. जन्मभर कारकुनी करून बांधलेलं घर, त्यांनी का मिरवू नये? तुम्ही कॉलेजात होता. सकाळी तुम्ही दोघं भाऊ भिंतींवर पाणी मारायचात. तुमचं पाणी भिंतीवर कमी आणि दादांच्या अंगावर जास्त. मी चहा घेऊन आले की दोघंही चिंब, आणि दादा तुम्हाला रागवायचं सोडून स्वतःच हसत उभे.

रस्त्यावरून आत यायला तेव्हा तीन पायऱ्या चढाव्या लागत. त्या पायऱ्यांवर मी रांगोळीनं लक्ष्मीची पावलं काढली, सासूबाई मुखवटे घेऊन एकेक पायरी चढत आल्या, तुम्ही मागं ताट बडवत होता. मी विचारलं, लक्ष्मी आली कशाच्या पावलानं? सगळे म्हणाले सोन्याच्या पावलानं. तुम्ही मोठ्यानं म्हणालात, सिमेंटच्या पावलानं! सासूबाईंनी तिथल्या तिथं कान पिळला. मामंजी मात्र हसून हसून खाली बसले. अजून ती गोष्ट निघाली की तुमचे दादा हसतात. आता हसताना त्यांना खोकला येतो, एवढाच फरक.

त्या पायऱ्या आता नाहीत, भाऊजी. दर चार-दोन वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडला, रस्ता वर आला आणि घर आहे तिथंच राहिलं. आता आत यायला एक पायरी उतरावी लागते. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले उठले. पूर्वी सकाळचं ऊन थेट स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत यायचं, सासूबाई त्यात पापड वाळवायच्या. आता भर दुपारी दिवा लावून भाजी निवडते. पावसाचं पाणी घराच्या पायात मुरतं आणि भिंतीतून वर चढतं. मधल्या खोलीची मागची भिंत छातीपर्यंत काळी झाली आहे. बुरशी आहे ती. पुसली की आठ दिवसांत परत येते. कपाटातल्या गाद्यांना लागली, मामंजींच्या उर्दू पुस्तकांना लागली. परवा पेटी उघडली तर थोरल्या गौरीच्या पैठणीवर पांढरा बुरा. मी ती पदरानं पुसत बसले.

तुम्हाला हे खरं वाटायचं नाही. तीन वर्षांपूर्वी मी घर विकायचा विषय काढला तेव्हा तुम्ही भरल्या पंगतीत म्हणालात, "वहिनींना फ्लॅटची हौस आलीय. मी आहे तोवर आप्पांचं घर विकायचं नाही." मी तुमच्या पानात तूप वाढलं. पण राग आला होता, लई आला होता. आज लिहून मोकळी होते. त्यानंतर मी तो विषय काढला नाही आणि तुम्हीही काढला नाहीत.

तुमचाही दोष किती धरू? तुम्ही येता दोन दिवस. तेव्हा घर कसं असतं? पांढऱ्याशुभ्र भिंती, धूप, केवडा, दाराला तोरण. तुम्ही आल्या आल्या म्हणता, "वा, घर कसं नव्यासारखं ठेवलंय!" आणि तुमच्या दादांचा चेहरा फुलतो.

ते नवं कोण करतं, ते आता सांगते. हेमू येणार, त्याला आप्पांचं घर असं दिसू नये, म्हणून तुमचे दादा दरवर्षी गौरींच्या आधी पंधरा दिवस पत्रा घेऊन भिंती खरवडतात. माणूस लावू देत नाहीत. एक तर मजुरी परवडत नाही, आणि दुसरं म्हणजे गवगवा नको. तोंडाला पंचा बांधतात, तरी ती काळी भुकटी नाकातोंडात जातेच. मग चुना, मग डिस्टेंपर. तुम्ही पुण्याला परत गेलात की हे अंथरूण धरतात. मागच्या वर्षी तुम्हाला व्हायरल ताप सांगितला होता, आठवतं? तो ताप नव्हता. श्वास लागून दवाखान्यात होते, ऑक्सिजनवर. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून माझ्याकडून देवासमोर वचन घेतलं. ते वचन आज मोडतेय. देवी बघून घेईल.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात ओल आहे का? दादा नाही म्हणाले. मी हो म्हटलं. डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण हे त्या घरात राहणार असतील तर माझ्या औषधाला अर्थ नाही.

म्हणून मी एक गोष्ट केली आहे. हर्सूलला तलावाच्या अंगाला दोन खोल्या बघितल्या, वरच्या मजल्यावर. ऊन आहे, वारा आहे. आगाऊ रक्कम भरली, किल्ली माझ्याकडे आहे. माझ्या माहेरच्या पाटल्या मोडल्या. गौरींच्या दागिन्यांना हात लावलेला नाही. माझे हात मोकळे दिसले तर भानुमतीनं पंगतीत विचारू नये, एवढं तिला आधीच सांगून ठेवा. पाटल्यांवर भाडं दिवाळीपर्यंत निघेल. पुढं पेन्शनीत भाडं आणि औषधं दोन्ही बसत नाहीत. घर विकलं तरच जमेल. आणि घर दोघा भावांच्या नावावर आहे. तुमचा वाटा तुमचाच, त्यातला पैसा मला नको. सही मात्र हवी.

किल्ली दाखवली तेव्हा दादांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाले, "आप्पांनी जाताना माझा हात धरून सांगितलं होतं, हेमूला यायला घर राहू दे. मी निघून गेलो तर तो कुठं येईल?"

याचं उत्तर मी देऊन चालायचं नाही. ते तुमच्याकडे आहे.

काल चुन्याची पिशवी आली आहे. पत्रा मी आशाबाईंकडे लपवून ठेवला, तर हे दुसरा आणायला निघाले. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. यांनी यंदाही पत्रा हातात घेतला तर पुढच्या वर्षी पत्र लिहायचं कारण माझ्याकडे उरणार नाही, अशी मला भीती वाटते. अभद्र बोलू नये, पण वाटते.

पत्र मिळाल्या मिळाल्या फोन करा. मी उचलणार नाही, त्यांनाच उचलू देईन. सहीचं, पैशाचं काही काढू नका, ते आल्यावर बोलू. एवढंच म्हणा, "दादा, यंदा भिंती तशाच राहू दे. तू असशील तिथं मी येईन."

मग गौरी यायच्या आदल्या दिवशी या. आधी या घरी या, भिंती डोळ्यांनी बघा, त्या खोलीत थोडं बसा. आप्पांचा निरोप घ्या. मुखवट्यांची पेटी भिंतीतल्या कपाटात आहे, ती तुम्ही स्वतः उचलून हर्सूलला आणा. मुखवटे भानुमती आत आणेल, ताट तुम्ही वाजवा. मी दारात उभी राहून विचारीन, कशाच्या पावलानं? तुम्ही सिमेंट म्हणालात तरी यंदा कुणी कान धरणार नाही.

तिथल्या जिन्याला पायऱ्या पुष्कळ आहेत. मोजल्या नाहीत, पण सगळ्यांवर पावलं काढीन. फार वर्षांनी लक्ष्मी चढून येईल.

फोनची वाट पाहणारी,
तुमची
कालिंदीवहिनी