ताईची सुती टोपी

पातूर, २२ फेब्रुवारी

ताई,

तुला आणि भाऊजींना जयभीम. माझी तब्येत ठीक आहे. कॉलेज सुटलं की लेण्यांच्या वाटेने फिरायला जातो. पळस फुललाय. तिथेच दगडावर बसून, तू शिकवलेलं विणकाम करतो. फार बरं वाटतं. काल बकऱ्या चारणाऱ्या दुर्गाबाई हसल्या, "काय जी मास्तर, उन्हायाच्या तोंडावर कोनाले टोपी घालून राह्यले?"

"बहिणीले," मी म्हटलं. "केमोनं केस गेले तिचे."

त्यांनी दोरा बोटांनी चाचपून पाहिला.

लोकर टोचेल म्हणून सुती दोरा घेतलाय. परीक्षेच्या कामामुळे येता येत नाही, असं मी तुला दोनदा फोनवर सांगितलं. ते खरं नव्हतं. तुला तसं बघायची हिंमत होत नव्हती. टोपी झाली की येईन म्हणायचो आणि विणलेलं पुन्हा उसवायचो.

जेवण जातं का? तोंडाला चव आली का?

रविवारी पहिल्या बसने अमरावतीला निघतो. टोपी अर्धीच झाली आहे, उरलेली तुझ्याजवळ बसून विणीन. मी येणार म्हणून डोक्यावरून पदर घेऊ नकोस.

तुझा भाऊ,
ललित