फाटकावर सांगितलेलं नाव

यशवंतपूर,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. अंबूस अनेक आशीर्वाद.

काल भाऊबीज होती, हे तुझ्या लक्षात असेलच. सकाळी बसवनगुडीच्या घराला कुलूप घालून आनेकलची बस धरली. पिशवीत तुझी साडी आणि कडबोळ्यांचा डबा. पूर्वी नाचणीच्या शेतातून सरळ तुझ्या न्हाणीघरामागे निघायचो. आता तिथे तुमच्या वसाहतीची भिंत, म्हणून वळसा घालून फाटकाशी आलो. दारवानानं नाव विचारलं. गुंडो रामराव, म्हटलं. त्यानं ते फोनवर टिपलं, हातानं थांबा म्हणून खुणावलं. मग मला ऐकू येत नाही हे बघून फोनच डोळ्यांसमोर धरला. लाल फुली. घरचे नको म्हणतात, एवढं त्याच्या ओठांवरून कळलं.

अंबू, साठ वर्षांत एक भाऊबीज चुकली नाही गं. तुझ्या सुनेला हा म्हातारा नको असेल. पण तू तर आतच होतीस ना? पिशवी दारवानापाशी टाकली आणि इकडे माझ्या जुन्या दोस्ताकडे, उमाजीकडे येऊन राहिलोय. तुझ्या दारात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. तब्येतीला जप.

अण्णा


आनेकल,
२८ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णास शि. सा. न.

पत्र आत्ता मिळालं. फाटकाचं मला काहीएक ठाऊक नव्हतं रे. पाट मांडून, निरांजन लावून दुपारपर्यंत बसले होते. तू येईनास. तुला फोन ऐकू येत नाही, म्हणून तुझ्या शेजारणीला विचारलं, तर घराला कुलूप. दुसऱ्या दिवशीही कुलूपच. आपला जितेंद्र दुबईला, म्हणून सूनबाई रंजिता एकटीच इस्पितळं पालथी घालत होती.

काल एका इस्पितळात तिला पेशंटचं नाव विचारलं, आणि तिला तुझं नावच ठाऊक नाही! लग्नात आम्ही सगळ्यांनी अण्णा, अण्णा म्हणूनच तिला पाया पडायला लावलं होतं. तिनं मला फोन केला. मी गुंडो रामराव म्हणताच तिनं फोन ठेवला. रडतच घरी आली. फाटकावरचा निरोप तिच्या फोनवर येतो. भाऊबिजेलाही तिच्या ऑफिसची मीटिंग चालू होती, कुणी अनोळखी माणूस समजून तिनं नको दाबलं. ती अण्णांची वाट बघत होती.

पिशवी फाटकावरून आणली आणि पुढ्यात ठेवून रात्रभर तशीच बसले. मी तुझी आशाच सोडली होती, अण्णा. आज पत्र आलं तेव्हा आधी अक्षर तुझंच आहे ना ते पाहिलं, राग नंतर वाचला. मला हवं तेवढं टाकून बोल, पण जिवंत राहून बोल. रविवारी ये. पाट अजून उचललेला नाही.

तुझी माया आहे तशीच असू दे.
अंबू


बसवनगुडी,
३१ ऑक्टोबर २०२५

चि. अंबूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हादरलो. मी उमाजीच्या ओसरीवर रुसून बसलो होतो आणि ती पोर मला इस्पितळांत शोधत होती.

तिला माझं नाव माहीत नाही, याचा आधी रागच आला. मग आठवलं, लग्नाला वर्ष होत आलं आणि माझ्या प्रत्येक पत्रात ती नुसती ‘तुझी सून’ आहे. तिचं नाव काय, ते तुझ्या पत्रात वाचून कळलं. माझी मलाच लाज वाटली.

रविवारी येतो. फाटकावर तिलाच उभी कर. आधी मी तिला नावानं हाक मारीन, मग आत घ्यायचं की नाही ते तिनं ठरवावं.

चि. सौ. रंजितास अनेक आशीर्वाद. दोघींचा लोभ असू द्या.

गुंडो