धारची ओटी

१ डिसेंबर १९३५, बडोदे

साइडकारमध्ये बसायचं कसं, याची आज अंगणात रंगीत तालीम झाली. नागरवाड्यातली निम्मी माणसं फाटकाशी गोळा! नऊवारी आवरून आत पाय घालायचा, मग डोक्यावरून पदर, पदरावरून रुमाल, त्यावर ह्यांचा धुळीचा चष्मा. आरशात पाहिलं तर मीच दचकले. पडदा पाळायचा म्हणतात, यापेक्षा जास्त तो कसा पाळणार?

हे म्हणजे जयवंतराव. वही माझी आहे, इथे नाव घेतलं म्हणून कोणी उखाणा मागणार नाही.

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, आमच्या वेळी बाया मेण्यातून जायच्या, आता डब्यातून जातात. मला हसू आलं, पण तेवढ्यावर थांबल्या तर त्या कमळाबाई कसल्या! पुढचं नेहमीचंच. आठ वर्षं झाली, घरात पाळणा नाही, आणि सूनबाई निघाल्या फटफटीवर. मी ऐकून घेतलं. ऐकून घेऊ शकते त्याला कारण आहे. दोन वर्षांमागे देवापुढे हे म्हणाले होते, दुसरीचा विचार मनात आला तर माझी जीभ झडो. त्या एका वाक्यावर मी सासूबाईंचं सगळं गिळते.

बेत असा: धार, मग मांडू, आणि परत. तीन फटफट्या. आमची. पद्माकरांची, त्यांच्या साइडकारमध्ये वत्सला. पद्माकर ह्यांच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, पण वत्सला माझी आहे — शाळेपासूनची. आणि तिसरे हिंमतराव, ह्यांचे तालमीतले दोस्त, एकटेच. एकटे म्हणूनच तर जायचं आहे. धारला त्यांच्यासाठी एक मुलगी पाहायची आहे. त्यांना ना आई, ना बहीण, ना मावशी. हे म्हणाले, वडीलधारी बाई म्हणून तुम्हीच. पसंत पडली तर तिथेच ओटी भरून मोकळ्या व्हा.

मी, वडीलधारी! सत्तावीस वर्षांची! पण खरं सांगू? छाती फुगली.

३ डिसेंबर, गोध्रा

अंग खिळखिळं झालंय. रस्त्यावर खडी कमी, खड्डे जास्त. चहाच्या दुकानाशी एक म्हातारी साइडकारमध्ये वाकून विचारते, "बेन, अंदर बीक नथी लागती?" मी म्हटलं, भीती कसली, शेजारी नवरा आहे. हे ऐकून हिंमतराव उठून आपल्या गाडीकडे गेले. प्लग काढून पुसायला लागले. सकाळीच पुसला होता.

वत्सला गप्प गप्प आहे. एरवी हिचं तोंड बंद करायला दिवाळीचा लाडू लागतो. विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय धुळीने.

४ डिसेंबर, दाहोद

धूळ. पंक्चर. परत धूळ. गाठिये आणि तळलेल्या मिरच्या. तरी खूश आहे.

५ डिसेंबर, सरदारपूर

आज घाट! झाबुआच्या पुढे माछलियाचा. असा रस्ता मी जन्मात पाहिला नव्हता. एक वळण संपतंय तोवर दुसरं, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नुसते सागाचे शेंडे आणि त्यांखाली काय ते देव जाणे.

घाटात शिरण्याआधी ह्यांनी गाडी थांबवून मला शिकवलं. साइडकार डाव्या अंगाला. डावं वळण आलं की तिचं चाक उचलतं. तेव्हा आत बसलेल्याने बाहेर झुकून भार द्यायचा, म्हणजे चाक जमिनीवर राहतं. मला वाटलं, थट्टा करताहेत. पहिल्याच वळणाला चाक खरंच उचललं आणि हे ओरडले, झुका! मी कमरेपासून बाहेर. पदर उडाला, रुमाल गेला, चष्मा एका कानावर लोंबतोय — आणि चाक खाली! मग दर वळणाला मीच आधी झुकत होते. वरच्या टोकाला एक भिल्लीण मोळी घेऊन उभी होती, ती मला बघून एवढी हसली की तिची मोळी सुटली.

वर पोचल्यावर हे म्हणाले, "तुमच्यावाचून ही गाडी घाट चढणार नाही." मी हे वाक्य इथे लिहून ठेवते. म्हातारपणी वाचेन.

६ डिसेंबर, धार

मुलगी पसंत. मला तरी. मैनावती नाव. सावळी, उंच, सतरा-अठराची. तिचे वडील फत्तेसिंहराव इथल्या लष्करात होते, आता पाय अधू झालेत. घर साधं पण नीटनेटकं. मी अगदी वडीलधाऱ्या थाटात प्रश्न विचारले. रस्सा येतो का? येतो. वाचता येतं का? येतं. भित्री आहेस का? त्यावर तिने एकदाच वर पाहिलं आणि मान खाली घातली.

नवरदेव मात्र आतच आले नाहीत. बाहेर फटफटी पुसत बसले. मी म्हटलं, लाजणारा नवरा बरा, पुढे ऐकतो. कोणी हसलं नाही. धारची माणसं गंभीर असतात वाटतं.

ओटी भरायला बसले तेव्हा फत्तेसिंहरावांनी विचारलं, "बाईसाहेब, हे तुम्ही मनापासून करताय ना? कोणी भाग पाडलं नाही ना?" अजबच प्रश्न. मी म्हटलं, कोण भाग पाडणार, मी माझ्या आनंदाने करते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीच्या बापाचं काळीज, दुसरं काय! मी तिला कुंकू लावलं. खण, नारळ, तांदूळ. मनात आलं म्हणून माझ्या केसांतलं सोन्याचं फूलही तिच्या केसांत खोवलं. तिचे हात गार पडले होते. मी ते माझ्या हातांत धरून जरा चोळले.

हे खिडकीशी पाठ करून उभे होते.

७ डिसेंबर, मांडू

आजच लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन, तुला भास झाला.

सकाळी धारला मी केस विंचरत होते. मैनावती चहा घेऊन आली. कप ठेवून तशीच उभी. मग एकदम पायांशी बसली आणि म्हणाली, "अक्कासाहेब, तुमची खोली मला नको. मी माजघरात निजेन. धाकट्या बहिणीसारखी राहीन."

मी म्हटलं, माझी खोली तुला कशाला? तू हिंमतरावांच्या घरी जाणार.

ती माझ्याकडे बघतच राहिली. बिचारीला वाटलं असेल, हिचं डोकं ठिकाणावर नाही. मग हळूहळू सगळं सांगितलं. हिंमतरावांचं नाव त्या घरात कोणी कधी घेतलेलंच नाही. स्थळ आलंय ते बडोद्याच्या जयवंतरावांचं. फत्तेसिंहरावांची एकच अट होती. पहिली बायको जिवंत आहे तर तिने स्वतः यावं, राजीखुशीने आपल्या हाताने ओटी भरावी, तरच मुलगी देईन. तिच्या तळतळाटावर माझ्या मुलीचा संसार नको. भला माणूस. त्याने विचारलंसुद्धा! आणि मी काय म्हणाले? माझ्या आनंदाने करते.

माझ्या सवतीला मी माझ्या हाताने कुंकू लावून आले. वर फूल दिलं.

मुलीवर ओरडावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडाने? ती रडायला लागली. तिला उठवलं, डोळे पुसले. परक्याच्या घरात तमाशा करायचा नाही, हे आईने शिकवलेलं अशा वेळी कसं आठवतं कोण जाणे. बाहेर फटफट्या सुरू झाल्या होत्या. मी जाऊन साइडकारमध्ये बसले. मांडूचा घाट आला, दऱ्या आल्या, मोठमोठ्या वेशी आल्या. मला काही दिसलं नाही.

तळ्याकाठी जेवणाचे डबे सोडले तेव्हा वत्सलाला बाजूला घेतलं. विचारलं, तुला माहीत होतं?

आधी म्हणाली, कशाबद्दल? मग म्हणाली, मला वाटलं तुला सांगितलंय. मी तिच्या मानेकडे पाहिलं. शाळेत ती खोटं बोलली की तिची मान लाल व्हायची. अजून होते.

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस, कुसुम," ती म्हणाली.

म्हणजे मला कसं आणायचं, हे चौघांनी बसून ठरवलं. नागरवाड्यात, माझ्याच घरात, माझ्या हातचा चहा पीत ठरवलं असेल. हिंमतराव पुढे येऊन वहिनीसाहेब, वहिनीसाहेब करत राहिले, माझा नाइलाज होता म्हणाले. तुमचा नाइलाज आणि माझा संसार, मी म्हटलं. पद्माकर तेवढा वेळ तळ्यात खडे टाकत होते.

ह्यांना एकच विचारलं. देवापुढे बोलला होतात, त्याचं काय? म्हणाले, मी अजून तोच आहे, पण आईसाहेबांचा हट्ट. त्यांनी अन्न सोडायची धमकी दिली. तुमचा मान तोच राहील, किल्ल्या तुमच्याकडेच राहतील.

किल्ल्या!

सासूबाईंचा मला इतका राग कधी आला नव्हता. आठ वर्षं टोचून टोचून शेवटी साधलं म्हातारीने.

८ डिसेंबर, धार

परत त्याच घरी मुक्काम, पण फत्तेसिंहरावांना खरं सांगायचं धैर्य झालं नाही. आत आले तेव्हा मैनावती दाराआड उभी होती.

९ डिसेंबर, झाबुआ

दुसरी गाडी नाही, दुसरी वाट नाही. ज्याने फसवलं त्याच्याच शेजारी, त्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बसून घरी जायचं. इंजिनाचा आवाज असतो, हे एक बरं. बोलावं लागत नाही.

माछलिया उतरताना डावं वळण आलं. हे ओरडले, झुका. मी ताठ बसले. चाक उचललं. "कुसुम, झुका!" मी हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले. खाली सागाची झाडं दिसत होती आणि मला भीती वाटत नव्हती, याचीच मला भीती वाटली. ह्यांनी कशीबशी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. मडगार्ड घासलं, ह्यांची कोपरं सोलली. उतरून काही बोलणार होते, माझं तोंड बघून मडगार्ड सरळ करू लागले.

मग सगळा घाट ह्यांनी गाडी पायांनी ढकलत, ब्रेक धरत उतरवली. मी मागून चालत आले. वत्सला तिच्या साइडकारमधून उतरून माझ्याबरोबर चालू लागली. मी तिला म्हटलं, तू बस, तुझी चप्पल खराब होईल. ती रडली. रडू दे.

११ डिसेंबर, बडोदे

पोचलो. सासूबाईंनी ओवाळलं, भाकरतुकडा टाकला. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे जेवून बाहेर गेले.

ह्या घरातली एकेक वस्तू बघत होते. ह्यातलं माझं काय आणि मैनावतीचं काय? कपाट तिला द्यायचं की नाही, असलाही विचार करून झाला. माझी मलाच चीड आली.

१२ डिसेंबर

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, काय गं, हिंमतरावांची मुलगी कशी आहे? रंगाने बरी आहे का?

मला वाटलं, जखमेवर मीठ चोळताहेत. म्हटलं, नाटक पुरे झालं, आईसाहेब. तुमचाच हट्ट ना? तुम्ही अन्न सोडणार होतात ना? भरली मी तुमच्या नव्या सुनेची ओटी!

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाल्या, कोण नवी सून?

मी सगळं सांगितलं. धार, अट, ओटी, तळं, सगळं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा मातीसारखा झाला. त्यांना काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. धमकी नव्हती, हट्ट नव्हता. सगळं ह्यांचं एकट्याचं, आणि वर आईचं नाव पुढे केलेलं.

हातातली शेंग सुपात टाकून बोलल्या. "तुला मी बोलले, तोंडावर बोलले, अजून बोलेन. पण ह्या घरात दुसरी आण, असं कधी म्हणाले का?" मी विचार करू लागले. खरंच, नव्हत्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. मामंजींनी दुसरी केली होती आणि ती बाळंतपणात गेली, एवढंच मी ऐकून होते. त्या म्हणाल्या, ती माझ्या मांडीवर गेली. सोळा वर्षांची होती. मग परत शेंगा सोलायला लागल्या. मीही बसले सोलायला.

१४ डिसेंबर

उद्या पहाटेच्या गाडीने सासूबाई आणि मी रतलामकडे निघतो, तिथून पुढे धार. फत्तेसिंहरावांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा द्यायचं आहे, या वेळी खरं. सासूबाई म्हणतात, बोलायचं मी, तू फक्त मुलीजवळ बस.

ह्यांना सांगितलंय, डाकोरला दर्शनाला जातो. म्हणाले, जाऊन या दोघी, मन रमेल.