बत्तिसावा अर्ज

ती. अक्का,

मी, तुझी भावजय आणि माझा उजवा गुडघा अशा तिघांचा तुला सप्रेम सलाम. (गुडघ्याचा सलाम वेगळा कळवतोय, कारण हल्ली तो घरात तिसऱ्या माणसासारखा राहतो. कुठे निघायचं म्हटलं की आधी त्याची परवानगी घ्यावी लागते.) इकडे सगळं ठीक. तुझा खोकला गेला का? आणि मुख्य म्हणजे घर कसं आहे? हे मी आता चौथ्यांदा विचारतो आहे. पहिल्या पत्राला तू लिहिलंस की पुराचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, तुझा चेहरा पाहिला आणि आल्या पावली परत गेलं. तुला लहानपणापासून ओळखत असल्यामुळे मला ते पटलंसुद्धा. दुसऱ्या पत्रात, थोडं आत आलं होतं, फडक्याने पुसून काढलं. तिसऱ्यात घराबद्दल अवाक्षर नाही. नुसत्या सूचना, की तुमच्या चर्चच्या हॉलमध्ये उतरणाऱ्यांनी चादरी आपापल्या आणाव्यात, जेवणाला वेळेवर यावं आणि उपदेश घरी ठेवून यावं. अक्का, जी बाई दाराची कडी करकरली तरी दोन पानं लिहायची, ती घराबद्दल गप्प बसली की माझ्या जिवाला घोर लागतो. म्हणून मी तुमच्याकडे मदतीला येणाऱ्या स्वयंसेवकांत नाव दिलं.

ही बातमी ऐकून तुझी भावजय हातातलं काम टाकून हसायला बसली. तिचं म्हणणं असं, की ज्या माणसाने चाळीस वर्षं चिमट्याहून जड हत्यार उचललं नाही आणि घरात खिळा ठोकायला सुतार बोलावला, तो दुसऱ्यांची घरं काय बांधणार. मी म्हटलं, घड्याळ काय आणि घर काय, शेवटी तुकडे जागच्या जागी बसवायचे. ती म्हणाली, मग आधी स्वयंपाकघरातलं घड्याळ बसवा, ते तीन वर्षं पावणेपाच दाखवतंय. (लोकांची घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरी असंच असतं, हे तिला इतक्या वर्षांत कळू नये याचं वाईट वाटतं.)

आमच्या चर्चमधून बारा-बारा जणांच्या दोन तुकड्या पाठवायच्या, एकेका तुकडीने आठवडाभर तुमच्या हॉलमध्ये राहून पडझड झालेली घरं उभी करायची, हे पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केलं, ते तुला ठाऊक आहेच. पण तयारीचं काम त्यांनी कोणाकडे सोपवलं, ते तुला नुसत्या पत्रव्यवहारातून कळायचं नाही. मेट्रनबाईंकडे! तीस वर्षं त्यांनी इस्पितळ चालवलं. मोठमोठे डॉक्टर म्हणे त्यांच्या वॉर्डात शिरताना दाराबाहेर बूट पुसायचे. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, आवाज कधी चढवत नाहीत, आणि तरी त्यांनी नुसतं पाहिलं तरी माणूस शर्टाचं वरचं बटण लावतो. पहिल्या बैठकीला मी प्रार्थना आणि चहा होईल अशा समजुतीने गेलो. प्रार्थना झाली. चहाऐवजी धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं. आमचे मुख्याध्यापक (रिटायर झाले, पण त्यांना अजून कोणी कळवलेलं नाही) त्या वेळी सेवा आणि त्याग यांवर बोलायला उभे राहिले होते. त्यांचं "आपण सर्वस्व अर्पण..." इथपर्यंत आलं, सुई दिसली, आणि ते खरोखरच जमिनीला अर्पण झाले. मेट्रनबाईंनी त्यांचे पाय वर करून एका खुर्चीवर ठेवले आणि पुढच्याला बाही वर करायला सांगितलं.

त्यानंतर दर शनिवारी सरावच सराव. एका शनिवारी भर दुपारी जेवणं झाल्यावर आम्हा बाराही जणांना हॉलच्या फरशीवर झोपवलं, कारण आठवडाभर असंच झोपायचं आहे आणि कोण किती घोरतो हे आधी कळलेलं बरं. बाई वही घेऊन मधून फिरत होत्या. मुख्याध्यापकांना दाराजवळची जागा मिळाली, आमच्यातल्या प्लंबरला भिंतीकडची, आणि माझ्या नावापुढे त्यांनी काय लिहिलं ते अजून दाखवलेलं नाही. दुसऱ्या शनिवारी आंघोळीची तालीम झाली. तुमच्याकडे बारा माणसांत एक न्हाणीघर आहे असं तूच कळवलंस, तेव्हा माणशी सात मिनिटं. मी दाराच्या कडीशी झगडण्यात चार घालवली. मी हसून लिहितोय, पण खरं सांगतो अक्का, या बाईंबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो मला शब्दांत मांडता येत नाही. आपण भलं करायला निघालो म्हणजे आपलं सगळं चालवून घेतलं जाईल, ही जी आमची समजूत होती, ती त्यांनी पहिल्या आठवड्यातच मोडून काढली. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना तुमचा उत्साह आवरत बसायला वेळ नाही, तो इथेच आवरून जा, असं त्यांनी एकदाच सांगितलं, आणि ते सगळ्यांना पुरलं.

मग आली भिंत. चर्चच्या मागच्या अंगणात प्रत्येकाने मातीच्या गाऱ्यात एक भिंत रचायची, बाईंनी ती तपासायची, आणि संध्याकाळी पाडून विटा धुऊन ठेवायच्या, पुढच्या शनिवारसाठी. शिकवायला प्लंबर होता. (त्याला नळाइतकंच विटांचंही कळतं, आणि बोलायला इतकं आवडतं की नळ बंद होईल, तो होत नाही.) मुख्याध्यापक खुर्ची टाकून बसले आणि उंटावरून शेळ्या हाकायला लागले. बाईंनी ती खुर्ची उचलून नेली. मग मुख्याध्यापकांनी तासाभरात कमरेइतकी भिंत उभी केली, पण ती अशी काही वाकलेली की आत्ता कोणाच्या तरी पाया पडेल. बाईंनी एक बोट लावलं आणि ती पडलीच. मी मात्र माझ्या पद्धतीने गेलो. वीट भिजवायची, चारी बाजूंनी न्याहाळायची, गारा सारखा पसरायचा, ओळंबा लावायचा, श्वास रोखून पाहायचं, मग पुढची. दोन तासांत माझ्या चार विटा झाल्या. पण काय चार विटा! बाईंनी बोट लावलं, हात लावला, पाऊल लावलं. हलतील तर शपथ. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी हिशेब केला की या वेगाने पहिलं घर पुरं होईपर्यंत पुढचा पूर येऊन जाईल, आणि मला बाजूला बसायला सांगितलं. पडत्या फळाची आज्ञा समजून गुडघा लगेच बसला. मी मात्र खचलो. बारातला एक कमी करायचा झाला तर तो कोण, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता, आणि मला तर काही झालं तरी तुमच्याकडे यायचंच होतं.

पुढच्या शनिवारी बाईंनी फर्मावलं, की प्रत्येकाने घरातून आपल्या दहा जुन्यापान्या वस्तू खोक्यात घालून आणायच्या. अंगणात त्यांनी स्वतःच्या हाताने प्रत्येकाच्या खोक्यात चिखल ओतला. आता जोड्या करा, एकमेकांची खोकी बदला, आणि दहा मिनिटांत ठेवायचं काय, टाकायचं काय ते वेगळं करा. ज्याचं खोकं, त्याने हाताची घडी घालून तोंड बंद ठेवून बघायचं. माझी जोडी प्लंबरशी. मी घाईत दुकानातला एक जुना पत्र्याचा डबा खोक्यात टाकला होता, तुटक्या स्प्रिंगा आणि बिनकाट्यांच्या तबकड्यांचा. प्लंबरने तो उपडा केला, त्यातून काहीतरी पांढरं पडलं, त्याने "हे काय, कपाचा नुसता कान!" म्हणत ते विटांच्या चुऱ्याच्या बादलीत फेकलं. आणि अक्का, मी ओरडलो. तोंड बंद ठेवायचा नियम होता, शेजारी पाळकसाहेब उभे होते, तरी मी असा ओरडलो की रस्त्यावरची माणसं फाटकाशी थांबली. मुख्याध्यापक म्हणाले, एवढंसं काय ते. मी त्यांना काय म्हणालो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. गुडघ्याला न विचारता मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी बादली उपसायला लागलो.

तुला तो कान आठवत असेल. निळी रेघ होती. आईचा सहा कपांचा सेट, मी सात वर्षांचा, तू अकराची. त्यातला एक फोडला मी. आई आत आली तेव्हा तू म्हणालीस, माझ्या हातून निसटला. तुला दोन थपडा बसल्या, आठवडाभर खेळायला जाणं बंद झालं. मी दाराआड उभा होतो, कान मुठीत धरून, आणि गप्प होतो. पंचावन्न वर्षं आपण दोघं त्याबद्दल बोललो नाही. हे सगळं मी त्या अंगणात, चिखलात बसून, सगळ्यांदेखत सांगून टाकलं. सांगताना रडलोही. प्लंबरने तो कान बादलीतून शोधून काढला, नळाखाली धुतला, उजेडात धरून उलटासुलटा पाहिला, आणि याचा कप कुठे आहे असं विचारलं. मी म्हटलं, तो आईने कधीच टाकला असेल. त्यावर तो दिवसभर एक शब्द बोलला नाही. हा माणूस बोलत नाही म्हणजे तो आजारी आहे, अशी सगळ्यांची समजूत झाली.

मेट्रनबाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "पाहिलंत? प्रत्येक घरात असं एक काहीतरी असतं. ते कुठलं, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. म्हणून फेकण्याआधी विचारायचं. दर वेळी विचारायचं." मग वही उघडून माझ्या नावापुढचं काहीतरी खोडलं. आता तुकडीबरोबर जाऊन प्रत्येक घरात मालकिणीशेजारी बसायचं, एकेक वस्तू पुसून हातात धरायची आणि ठेवायची की टाकायची ते विचारायचं, हे काम माझ्याकडे आहे. विटेला हात लावायला मला मनाई आहे. तेव्हा मी येतोय, अक्का. महिनाअखेर पहिली तुकडी निघेल. चादर आणतो, उपदेश घरी ठेवतो. बाकी भेटीत. प्रभू तुला सुखरूप ठेवो.

तुझाच धाकटा,
घड्याळजी

ता.क. सोबत एक अर्ज जोडला आहे. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. प्लंबर सोमवारी सकाळी दुकानात आला. महिन्यापूर्वी तो पाळकसाहेबांबरोबर पाहणीला तुमच्याकडे आला होता, तेव्हा तू त्याला चांगल्या कपात चहा दिलास आणि स्वतः कान तुटलेल्या, निळ्या रेघेच्या कपातून, फडक्यात धरून प्यायलीस. घराबद्दल भावाला काही सांगणार नाही, अशी तू त्याच्याकडून शपथ घेतलीस म्हणे. त्याने ती मोडली नाही. मी अंदाज करत गेलो, तो मान हलवत गेला. मागची भिंत उभी आहे का? नाही. मग ताडपत्री? हो. नळ? प्लंबरच तो, इथे मात्र त्याला राहवेना, त्याने हातानेच दाखवलं, की पाइप जमिनीतून वर येतो आणि हवेतच संपतो. अक्का, अख्ख्या गल्लीचे घरदुरुस्तीचे एकतीस अर्ज तू आपल्या हाताने भरून पाठवलेस आणि त्यात तुझं घर नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मेट्रनबाईंचा नियम असा, की मालकिणीच्या सहीशिवाय कोणाच्याही घराच्या विटेला हात लावायचा नाही. तुझ्यासाठीही त्या तो मोडणार नाहीत, मी विचारून पाहिलं. तेव्हा बत्तिसाव्या अर्जावर सही कर. इतरांचं आधी होऊ दे असं तू म्हणशील, हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, की दोन्ही तुकड्यांच्या चोवीस माणसांचं जेवण जी रांधणार, ती ताडपत्रीआड खोकत बसली तर माझी तुकडी उपाशी मरेल. तेव्हा हे उपकार नव्हेत, त्यांची व्यवस्था आहे.

ता.क. २. तुझी भिंत मी बांधणार म्हणून घाबरू नकोस. वर ज्या चार विटांचं एवढं कौतुक लिहिलं, त्यातल्या दोन प्लंबरने लावल्या होत्या. खरं म्हणजे तीन.

ता.क. ३. कप मी फोडला होता, हे आता सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. माझं खरं मी सांगून मोकळा झालो, आता तुझी पाळी. त्या दिवशी तू खोटं बोललीस आणि मी दाराआड गप्प राहिलो. या वेळी राहणार नाही. कप जपून ठेव. कान मी कापसात गुंडाळून, घड्याळाच्या डबीत घालून आणतोय, आणि चिकटवण्याचं काम माझ्याइतकं त्या अख्ख्या तुकडीत कोणाला जमणार नाही. आणि सही केली नाहीस तरी मी येऊन तुझ्या त्या ताडपत्रीशी बसणारच आहे. मेट्रनबाईंचा नियम विटांना आहे, भावांना नाही.