दिवे घाट उतरण्याआधी

मी, समाधान कचरू ओव्हाळ, वय बावीस, राहणार हडपसर, कॉलेज अर्ध्यात सोडलेला, हल्ली पिकअपचालक, घाटमाथ्यावर कांताबाईंच्या चहाच्या टपरीत बसून हे मृत्युपत्र लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. लिहितोय ते भीतीने. आणि ही भीती माझी स्वतःची आहे, कुणाच्या दबावाची नाही.

मागे मार्केट यार्डात पोचवायचा कांदा आहे, पुढे घाट. आत्ताच एका साध्या उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी तिला वाटलं तेव्हा थांबली. गोण्या उतरवल्या तर व्यापारी उद्यापासून दुसऱ्याला भाडं देईल.

१. गाडी. घेताना तीन पाहिल्या. सीएनजीची साडेसहा लाखांना, किलोला वीस किलोमीटर, पण मालाचा हौदा इवलासा. विजेवरची साडेआठ, चालवायला जवळजवळ फुकट, पण चार्जिंगला तासन्‌तास कोण बसणार? डिझेलची दहा लाख, लिटरला चौदाच. पण मागची बाजू भाराने जितकी दबेल तितका मागचा ब्रेक जोर धरतो. माझी मैत्रीण पूर्वा म्हणाली, "हीच घे. मायलेज राहू दे, तू परत आला पाहिजेस."

घेतली. आणि लगेच मागे स्प्रिंगचा जादा पाटा टाकला. यार्डात सगळेच टाकतात. गाडी दबत नाही, माल जास्त बसतो. पूर्वा म्हणाली, "अरे, दबली नाही तर ब्रेकला वाटणार गाडी रिकामी आहे!" मी म्हणालो, "मग तूच चालव." तेव्हापासून ती बोललेली नाही.

गाडी उरली तर माझ्या वडिलांची, आप्पांची. पाटा काढूनच वापरावी. न उरल्यास विम्याच्या पैशांतून पुन्हा डिझेलचीच घ्यावी.

२. बँकेत आहे ते आईचं. आप्पांना सांगू नये.

३. पूर्वाचा भाऊ राकेश मला "नापास ड्रायव्हर" म्हणतो. मी नापास झालो नव्हतो, सोडलं होतं. त्याला गाडीचा हॉर्न द्यावा. आवाज चढवायची हौस आहे त्याला.

४. गाडीची दुसरी किल्ली पूर्वाला. शेजारच्या सीटवर आजवर गोण्याच बसल्या. ती सीट तिची होती, एवढं तिला सांगावं. मला मरायचं नाहीये, हेही.

ठिकाण : दिवे घाटमाथा
११ फेब्रुवारी २०२५
सही : समाधान ओव्हाळ

साक्षीदार :
१. अझीम शेख, पिकअपचालक. माझी गाडी रिकामीच चाललीय. अर्ध्या गोण्या मी घेतो. आधी विचारायचं सोडून हा कागद काय लिहितोस!
२. कांताबाई. याच्या पूर्वाला फोन केला. म्हणाली, "कागद फाड म्हणावं, पाटा काढ. मी निघालेय." ती येईस्तोवर किल्ली माझ्या पदराला बांधलीय.