दंडावरच्या चार देवी

आबा, परवा लस घेऊन टाकव्याला पोरांच्या दंडावर देवी काढायला गेले होते. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. मी लोणावळ्याच्या दवाखान्यात नर्स झाले आणि तुमचंच काम, तुमच्याच गावांतून, माझ्या हाती आलं, हे तुम्हाला कळायचं राहूनच गेलं. तिथे एका बाईने पाच महिन्यांच्या पोराचा दंड पदराखाली झाकला. म्हणाली, "बाई, येकच काढा. लय रडतंय वो." मी चारही काढल्या. तिने शिव्या घातल्या, सासूने माझ्या नावाने बोटं मोडली. मी भांडत नाही, मुकाट ऐकून घेते, पण एकावर थांबत नाही.

चार का, ते तुम्हीच शिकवलंत. ऐन उन्हाळा, आई चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे, आणि मी दहा वर्षांची आगाऊ पोर विचारते आहे की एक ओरखडा का पुरत नाही. तुम्ही म्हणालात, एक उगवली तरी पुष्कळ, पण उगवेल याची खात्री कुठाय? उन्हातून येता येता लस मरते, दोनांतला एक ओरखडा फुकट जातो. मी लगेच शहाणपणा केला: अर्धा नि अर्धा मिळून एक, म्हणजे दोन ओरखड्यांत काम फत्ते. तुम्ही हसलात आणि कोनाड्यातले माझे खेळायचे फोडलेले चिंचोके घेऊन त्यांतले चार माझ्या हातावर ठेवलेत. पांढरी बाजू वर आली तर देवी उगवली, काळी आली तर वाया. मी टाकत बसले. कधी एक पांढरा, कधी तीन, कधी दोन. किती तऱ्हांनी पांढरं पडतं ते मोजताना पार घोळ झाला.

"पांढरे मोजू नकोस," तुम्ही म्हणालात. "चारही काळे कितीदा पडतील, तेवढंच मोज. उरलं ते आपलं."

एका चिंचोक्याच्या दोन तऱ्हा, दोघांच्या चार, तिघांच्या आठ, चौघांच्या सोळा. त्या सोळांत सगळे काळे एकदाच. म्हणजे चार ओरखडे काढले तर सोळांतल्या पंधरा पोरांच्या दंडावर निदान एक तरी उगवणार. दोनच काढले तर चारांतलं एक पोर उघडं. आई भाकरी उलटताना म्हणाली, त्या उघड्या पोराच्या आईला सांगा हा हिशेब. तुम्ही म्हणालात, म्हणून तर आठव्या दिवशी फोड बघायला परत जायचं, आणि दंड कोरडा दिसला तर पुन्हा काढायच्या.

त्याच महिन्यात माझ्या पाठच्या भावाच्या, आपल्या बाळाच्या काढल्यात. तो माझ्या मांडीवर होता. दुसऱ्या ओरखड्याला त्याने असा टाहो फोडला की मीही रडायला लागले आणि तुमचा हात धरून ठेवला. जन्मात एकदाच तुम्ही दोनांवर थांबलात. आठव्या दिवशी तुम्ही वडिवळ्यात अडकलात आणि सांगावा धाडलात की दंड बघून कळव. पुढे देवीची साथ आली. बाळ जगला, पण डोळे गेले. तुम्ही शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावत राहिलात, एक उगवूनही रोगाने पोराला कसं धरलं म्हणून, मी दोनांवर का थांबलो म्हणून. बाळ आता माझ्याकडे असतो, वेताच्या खुर्च्या विणतो, आणि तुमची आठवण माझ्यापेक्षा जास्त मायेने काढतो.

येत्या सोमवारी आठवा दिवस. मी टाकव्याला जाणार. ती बाई दारातूनच सांगेल, उगवली, कशाला येताय. तरी मी आत जाऊन, दंड उजेडात धरून, माझ्या डोळ्यांनी बघणार. हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, आबा? बाळाचा दंड कोरडाच होता. दोन्ही जागा साफ कोरड्या. पुन्हा त्याला रडवायला नको म्हणून मी तुम्हाला "एक उगवली" असा निरोप धाडला. त्यानंतर तुम्ही चौदा वर्षं होतात. त्यांतल्या एकाही दिवशी मी सांगितलं नाही.